सिरीयलला लोक शिव्या का घालतात ते कसं ओळखायचं

आमच्या डोंबिवलीच्या घरात संध्याकाळी साडेसात ते दहा टीव्हीसमोर कुणी बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तो एकच माणूस मोडतो, ज्याने तो केलाय तो, म्हणजे आई. समोर परात, परातीत मेथी, स्क्रीनकडे बघत पण नसते आणि तोंड चालू. "अगं बाई फोन कर ना त्याला, हातातच आहे ना फोन!" मग दोन मिनिटांनी "पाणी घालतात नुसतं." आणि दहा वाजता टीव्ही बंद करताना "बंद करायला पाहिजे ही सिरीयल." दुसऱ्या दिवशी साडेसातला परात घेऊन परत तिथेच.

मी बरीच वर्षं "मग बघतेस कशाला" हे विचारत आलो आणि त्यावर उत्तर म्हणून मला लसूण सोलायला मिळायचा. नंतर माझा मावसभाऊ एका मालिकेवर असिस्टंट डायरेक्टर म्हणून लागला, त्याच्यामुळे घोडबंदर रोडच्या ज्या बंगल्यावर तिचं शूटिंग चालायचं तिथे चारपाच वेळा जाणं झालं, आणि तिकडची गडबड बघितल्यावर इकडच्या शिव्यांचा अर्थ लागायला लागला. पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि निघावं भलतंच, तसं असतं हे. माणूस बोलतो एक आणि खटकलेलं असतं दुसरंच. ते दुसरं कसं शोधायचं तेवढंच इथे लिहितोय. मास मीडियाच्या पोरांना, नवीन संवाद लिहायला लागलेल्यांना किंवा माझ्यासारख्या रिकामटेकड्यांना कामाला येईल. उदाहरणं सगळी मराठी मालिकांची आहेत कारण नीट बघितलंय ते तेवढंच.

आधी विचारा, कधीपासून?

"काय आवडत नाही" विचारलंत की सगळ्यांकडून तीच चार उत्तरं येतात, पाणी घालतात, काहीही दाखवतात, नुसतं रडारड, आणि त्या म्युझिकने डोकं उठतं. यातून काही कळत नाही. त्याऐवजी "हे असं कधीपासून वाटतंय" विचारा. माणूस दोन सेकंद थांबतो आणि मग एकदम नेमकं सांगतो, "ती माहेरून परत आली ना, तेव्हापासून." झालं, जागा सापडली. आता तो आठवडा काढून बघा, त्याच्या आधीचे दहा एपिसोड आणि नंतरचे दहा, काय बदललं ते बघा.

होणार सून मी ह्या घरची आठवते ना, २०१३ ते २०१६, जान्हवी आणि श्री. तिच्यावर जेवढे जोक झाले तेवढे क्वचितच कुठल्या मराठी मालिकेवर झाले असतील आणि त्यातले निम्मे जान्हवीच्या बाळंतपणावर, की बाई किती महिने झाले, हे मूल जन्मायच्या आधीच दहावी पास होणार वगैरे. वरवर बघितलं तर तक्रार एकच, ताणलंय. पण ताणणं तर सगळ्याच मालिकांत असतं, मग इथेच लोक बोटं मोडत महिने का मोजत बसले?

कारण मोजायला कॅलेंडर मालिकेनेच त्यांच्या हातात दिलेलं असतं. आपल्याकडे गणपती बसले की सिरीयलमध्येही गणपती बसतात, वटपौर्णिमेला सगळ्या सुना वडाला फेऱ्या मारतात, दिवाळीला उटणं, पाडव्याला गुढी. म्हणजे सणांच्या बाबतीत कथेतला दिवस आणि आपला दिवस एकच. आणि मग त्याच कथेत एक रात्र पाच एपिसोड चालते आणि पोट काही वाढत नाही. प्रेक्षक येडा नाहीये, त्याने दोन गणपती मधे गेलेले बघितलेत. त्याला खटकतं ते हे की दोन घड्याळं एकाच भिंतीवर लावलीत आणि दोन्ही वेगळी वेळ दाखवतायत. त्यामुळे "पाणी घालतात" हे वाक्य ऐकलं की सगळ्यात आधी हे घड्याळ तपासा. गोष्ट खरंच थांबलीय, की गोष्ट चालू आहे पण वेळेचा हिशोब बिघडलाय? दोन्हीची औषधं वेगळी आहेत.

मग हिशोब करा, साधा शाळेतला

अर्ध्या तासाचा स्लॉट, त्यातून जाहिराती गेल्या की उरतात बावीस मिनिटं, कमीजास्त. (तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत असा नियम आहे, त्यात चॅनलच्या स्वतःच्या जाहिरातीही आल्या, आईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.) आठवड्याला सहा एपिसोड म्हणजे १३२ मिनिटं. म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा लिहायचा, शूट करायचा, एडिट करायचा आणि दाखवायचा, आणि पुढच्या आठवड्यात परत, वर्षभर. चार दिवस सासूचे २००१ ला सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग. दूरदर्शनवर एकेकाळी तेरा भागांची मंजुरी मिळायची आणि तेवढ्यात गोष्ट संपवायची असायची, त्या काळातल्या मालिकांशी आजच्या डेली सोपची तुलना करणारे काका लोक मला आवडतात पण ती तुलना म्हणजे पोळी आणि पोळ्यांचं कंत्राट यांची तुलना आहे.

या कारखान्यात एक शब्द सारखा ऐकू येतो, बँक. किती एपिसोड शूट होऊन तयार पडलेत ती बँक. पंधरा एपिसोडची बँक असेल तर सेटवर सगळे हसत असतात, चहाला बिस्किट असतं. बँक संपली की काय होतं ते मी एकदा बघितलंय. दुपारचे बारा वाजलेले, रात्री दाखवायच्या एपिसोडमधले दोन सीन अजून शूटच झाले नव्हते, हिरोईन मेकअप रूममध्ये एका हाताने साडीची पिन लावतेय आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर संवाद येतायत, एकेक पान, फोटो काढून पाठवलेलं. सासरे झालेले काका दोन वाजता निघणार कारण त्यांचं संध्याकाळी नाटक. मावसभाऊ पळतोय. सीन होता अडीच पानांचा आणि हवी होती सहा मिनिटं. मग काय केलं, घरातल्या नऊ जणांना हॉलमध्ये अर्धगोल उभं केलं, सून म्हणाली "मी हे घर सोडून चाललेय" आणि कॅमेरा नऊच्या नऊ चेहऱ्यांवर एकेक करून गेला, परत आला, परत गेला. काकांचे क्लोजअप आधीच घेऊन ठेवले होते, ते बाकीच्यांच्या मधे जोडले. काका तोपर्यंत नाट्यगृहाच्या वाटेवर.

रात्री घरी तोच सीन बघताना आई म्हणाली, "या घरात कुणाला बसायला खुर्ची नाही का, सगळे आपले उभे." मी गप्प बसलो. तिचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं आणि त्याचं कारण एका नाटकाची वेळ होती.

म्हणून "सगळे हॉलमध्येच उभे असतात", "नुसते चेहरे दाखवतात", "अर्धा एपिसोड फोनवरच बोलतात", "तो अचानक दुबईला कसा गेला" या तक्रारी एका गठ्ठ्यात ठेवा. यात बऱ्याचदा लेखकाची अक्कल काढण्यात अर्थ नसतो, हे तारखांचं आणि बँकेचं दुखणं आहे. फोनवरचा सीन आला की समजावं, दोघं एका दिवशी सेटवर मिळत नाहीयेत. कुणी दुबईला किंवा कोमात गेलं की समजावं की लांब सुट्टी किंवा काँट्रॅक्टची भानगड.

कधी कधी कारण आणखी बाहेरचं असतं. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा बऱ्याच मराठी मालिकांनी अख्खं युनिट उचलून बाहेर नेलं, कुणी गोव्यात, कुणी सिल्वासाकडे. पडद्यावर अचानक सगळी कुटुंबं रिसॉर्टवर, सगळीकडे माड, घरातले अर्धे लोक गायब. मग मे मध्ये गोव्यातही विरोध झाला, परवानगी काढून घेतली गेली आणि परत पळापळ. त्या दीड महिन्यातल्या एपिसोडवरून कुठल्याही मालिकेचं परीक्षण करू नये असं माझं मत आहे. ज्यांनी तेव्हा "कथा भरकटली" म्हणून लिहिलं त्यांनी तारीख बघितली नव्हती.

कोण बघतंय आणि कोण ऐकतंय

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. माझी पुतणी, वय १९, मालिका अॅपवर बघते, हेडफोन लावून, चार एपिसोड एकदम. तिची तक्रार, "तेच तेच परत बोलतात, आणि ते धाड धाड म्युझिक, ई." आईची तक्रार कधीच म्युझिकबद्दल नसते. का? कारण आई बघत नाही, ऐकते. ओट्याशी असताना कुकरच्या शिट्टीत तिला कळायला हवं की आता काहीतरी झालं, ते धाड धाड तिला बाहेर बोलवायला असतं. आणि पात्रं जे करतात ते तोंडाने पण बोलतात ना, "हे काय, हे तर तिचं मंगळसूत्र, आणि हे इथे गुरुजींच्या पिशवीत कसं?" हे सगळं स्वयंपाकघरासाठी आहे. पुतणीला ते बावळटपणाचं वाटतं, आईला सोय वाटते, एपिसोड एकच.

त्यामुळे तक्रार करणारा कुठे बसून, कशावर, दिवसाला एक की रविवारी सहा, असा बघतो हे माहीत नसेल तर तक्रारीचा अर्थ लावायलाच जाऊ नका. सलग सहा भाग बघणाऱ्याला सुरुवातीचं ते "मागील भागात" प्रत्येक वेळी टोचणारच, रोज एक बघणाऱ्याला त्याचीच गरज असते.

याच्या पुढे येतो टीआरपी. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोण किती टीव्ही बघतं ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि गुरुवारी दुपारी सेटवर कुणाशी काय बोलावं ते त्यावर ठरतं. हे आकडे देशभरातल्या साधारण पंचावन्न हजारांच्या आसपास घरांत बसवलेल्या मीटरवरून काढतात, त्यातला एक भाग महाराष्ट्र आणि गोव्याचा. तुम्ही मीम बनवता, शेअर करता, हसता, पण तुमच्या घरात मीटर नसेल तर तुमचा राग त्या आकड्यात जात नाही, आणि असेल तरी तो राग म्हणून जात नाही, टीव्ही चालू होता एवढंच जातं. शिव्या देत बघितलेला अर्धा तास आणि पदराने डोळे पुसत बघितलेला अर्धा तास, मीटरला दोन्ही सारखेच. "एवढी टीका होते तरी सुधारत का नाहीत" याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

ठरलं तर मग घ्या, डिसेंबर २०२२ पासून चालू झालेली, रोजा या तमिळ मालिकेवरून केलेली. त्यातल्या खोट्या आरोपात अडकलेल्या मधुभाऊंच्या केसची तारीख पे तारीख यावर लोकांनी किती वैताग काढला, आणि त्याच काळात मालिका टीआरपीत महिनोन्महिने पहिल्या नंबरवर. (खऱ्या कोर्टात तरी कुठे लवकर निकाल लागतो, पण ते आपण रोज रात्री जेवताना बघत नाही.) इथे टीकेचं मूळ कंटाळा नाहीये, अधीरपणा आहे. कंटाळलेला माणूस बोलत नाही, रिमोट उचलतो. जो "निकाल कधी लावणार रे" म्हणून ओरडतोय तो अजून तुमचा आहे. हा फरक ज्याला कळला त्याला निम्मं काम जमलं.

शब्द मोडला का ते बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. मालिका पहिल्या प्रोमोत आणि नावात एक शब्द देते, आणि लोक चिडतात ते बहुतेक वेळा तो मोडला म्हणून. पण बोलताना ते असं बोलत नाहीत. ते म्हणतात "ही नवीन हिरोईन नको" किंवा "आता मजा नाही".

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघू. माझ्या नवऱ्याची बायको २०१६ ला आली, त्यात शनायाचं, म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचं, काम आधी रसिका सुनील करायची, मग ती गेली, ईशा केसकर आली, मग परत रसिका आली. लोकांनी कुरकुर केली, "ही शनाया नाही वाटत", आणि पंधरा दिवसांत सवय झाली. दुसरीकडे अग्गंबाई सासूबाई, २०१९ ची. यातली शुभ्रा म्हणजे तेजश्री प्रधान, सासूचं लग्न लावून देणारी सून, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. २०२१ ला मालिका काही वर्षं पुढे नेऊन अग्गंबाई सूनबाई केली, शुभ्रा झाली उमा पेंढारकर आणि पात्र झालं घाबरलेलं, खचलेलं, स्वतःचं काही न मांडणारं. लोक भडकले. सगळे म्हणाले आम्हाला जुनी शुभ्रा पाहिजे, म्हणजे तेजश्री. नवीन मुलीला बिचारीला उगाच बोलणी बसली. मालिका सहा महिन्यांच्या आत आटोपली.

बदली कलाकार दोन्हीकडे आला. मग एकीकडे चाललं आणि दुसरीकडे नाही, असं का? मी एक चाचणी लावतो. डोळ्यासमोर आणा की तेच सीन जुन्याच बाईने केलेत. लोकांनी चालवून घेतलं असतं का? शनायाच्या बाबतीत हो, कारण चेहरा बदलला पण खाष्टपणा, ते नखरे, ते सगळं तसंच होतं. शुभ्राच्या बाबतीत मला नाही वाटत, तेजश्रीने ते रडकं काम केलं असतं तरी लोक म्हणालेच असते की आमची शुभ्रा अशी नाही. म्हणजे तक्रार माणूस बदलल्याची वाटत होती, होती स्वभाव बदलल्याची. ही चाचणी प्रत्येक "कलाकार का बदलला" तक्रारीला लावून बघा.

नावाचीही एक गंमत असते. पुष्कळ मालिकांच्या नावातच त्यांची एक्स्पायरी डेट छापलेली असते आणि कुणी ती बघत नाही. होणार सून म्हटलंत, आता ती झाली की सून, पुढे काय? नवऱ्याच्या बायकोला धडा शिकवायचा असं ठरवून बसलो, बायकोने, म्हणजे राधिकाने, तो शिकवला, एकदा नाही चार वेळा, तरी तिचा नवरा गुरुनाथ काही सुधारेना आणि मालिका चालली २०२१ पर्यंत. पाचव्यांदा पकडला गेल्यावर प्रेक्षकाला राग गुरुनाथचा येत नाही, राधिकाचा येतो, "ही बाई मूर्ख आहे का?" जेव्हा लोक खलनायक सोडून नायिकेला शिव्या घालायला लागतात ना, तेव्हा समजायचं की नावातला शब्द कधीच पूर्ण झालाय आणि आता उसन्या वेळेवर गाडी चाललीय. ही खूण मला अजून तरी फसलेली दिसली नाही.

आई कुठे काय करते चं पण थोडं तसंच. बंगालीतल्या श्रीमोयीवरून आलेली, डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४. सुरुवातीला त्यातल्या आईने, अरुंधतीने, स्वतःसाठी उभं राहावं म्हणून बायका अक्षरशः टीव्हीशी बोलायच्या. घटस्फोट झाला, ती गायला लागली, आशुतोषशी लग्न केलं, वा. मग आशुतोषलाच मारला. तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकू (नाव बदललंय, खरं लिहिलं तर लिफ्टमध्ये पकडतील) जिन्यात आईला म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी त्या बाईला जरा सुख मिळालं होतं हो, बघवलं नाही मेल्यांना." बघा हं, मेल्यांना. पात्रांना नाही, लिहिणाऱ्यांना. राग पडद्याबाहेर आला की तो विश्वासघाताचा असतो.

घरातला आवाज आणि बाहेरचा आवाज

तुला पाहते रे आली २०१८ ला, तेव्हा पहिल्या आठवड्यापासून गदारोळ कशावर, तर नायक-नायिकेच्या वयातल्या अंतरावर. वीस वर्षांचं अंतर, हे काय संस्कार वगैरे. यात बोलणारे कितीतरी जण मालिका बघतच नव्हते, प्रोमो बघून बोलत होते, आणि बघणारे मजेत बघत होते. पुढे नायक विक्रांत सरंजामे वाईट निघाला आणि नायिका ईशा म्हणजे त्याच्या मेलेल्या बायकोचा, राजनंदिनीचा, पुनर्जन्म निघाली तेव्हा दुसरी टीका सुरू झाली आणि ती आतून होती, रोज बघणाऱ्यांची. बाहेरची टीका विषयावर असते, आतली टीका वागणुकीवर असते. दोन्ही एका बादलीत ओतलीत तर काहीच कळणार नाही. ओळखायचं कसं, तर बोलणाऱ्याला पात्राचं नाव विचारा. जो "ती हिरोईन" म्हणतो तो बाहेरचा, जो "ईशा" म्हणतो तो आतला.

भाषेची तक्रार मात्र वेगळीच असते आणि तिला हलक्यात घेऊ नका. रात्रीस खेळ चाले २०१६ ला आली, आकेरीतला तो वाडा, मालवणी बोलणारं नाईकांचं घर. तिच्यावर कोकणातून आक्षेप आले, अंधश्रद्धा पसरवतात, कोकणाची बदनामी करतात. मुंबईतल्या लोकांना वाटलं की हे उगाच चिडतायत, गोष्ट तर मस्त आहे. माझ्या एका मित्राची आई सावंतवाडीकडची, ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे काय नुसती भुताच रवतत?" यात भुताचा प्रॉब्लेम नाही, नुसतीचा आहे. वर्षानुवर्षं मालिकांमध्ये मालवणी बोलणारा म्हणजे एकतर गडी किंवा विनोद, वऱ्हाडी बोलणारी म्हणजे भोळी, कोल्हापुरी म्हणजे रांगडा, आणि कंपनीचा मालक मात्र पुण्याचं बोलणार. त्या साचलेल्या रागाची ठिणगी कुठल्या तरी एका मालिकेवर पडते. आणि हेही खरं की त्याच मालिकेच्या पुढच्या भागांतले अण्णा नाईक आणि शेवंता लोकांनी डोक्यावर घेतले, कोकणातल्या लोकांनीही. तर उच्चार चुकला म्हणून कुणी ओरडलं तर उच्चार दुरुस्त करून सुटत नाही, त्या भाषेतल्या माणसाला गोष्टीत खुर्ची कुठली दिलीय ते बघावं लागतं.

मसाल्याचं पाकीट हातात धरून सासू अर्धा मिनिट बोलते, सिनेमाची टीम प्रमोशनला थेट साखरपुड्यात घुसते, याच्यावरची टीका सरळ आहे, तिच्या मुळाशी पैसा, यात खोदण्यासारखं काही नाही.

आणि ज्यांना खरंच काही आक्षेपार्ह वाटलंय त्यांच्यासाठी सांगतो, अधूनमधून स्क्रीनच्या खाली एक पट्टी पळते ती याचसाठी असते. तक्रार आधी चॅनलकडे, त्यांनी पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असं २०२१ च्या नियमांत आहे, नाही पटलं तर पुढे बीसीसीसी नावाची समिती आहे, २०११ पासून. पण तिथे "मधुभाऊंना सोडवा" चालत नाही.

काही टीका मालिकेची नसतेच

हे सांगायला जरा अवघड आहे. जोशीकाकू एकदा आमच्याकडे बसल्या होत्या, एका मालिकेत सासू सुनेला सगळ्यांसमोर तिच्या माहेरावरून बोलत होती आणि सून खाली मान घालून पोळ्या लाटत होती. काकू एकदम म्हणाल्या, "काहीही दाखवतात, एवढं कोण ऐकून घेतं?" आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ब्रेक लागला तशी आई हळूच म्हणाली, "तुम्ही घेतलंत की." काकू हसल्या आणि म्हणाल्या हो ना, अकरा वर्षं.

त्या दिवसापासून "काहीही दाखवतात" हे वाक्य मी लगेच लिहून घेत नाही. कधी ते खरंच काहीही असतं, सापाने डोळा मारला तसं. पण कधी ते इतकं खरं असतं की बघणाऱ्याला नको होतं. दोन्ही वेळेला शब्द तेच. फरक आवाजात असतो आणि त्यानंतरच्या गप्प बसण्यात, आणि हे तुम्हाला फक्त शेजारी बसूनच कळतं, लांबून नाही.

तर करायचं असेल तर असं करा. एक साधी वही घ्या, एकच मालिका निवडा, महिनाभर घरातले किंवा ओळखीचे तीनचार जण जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारून नाही. "मेल्यांना" तर "मेल्यांना". शेजारी तारीख, आणि तो कसा बघतो, टीव्हीवर की फोनवर, बसून की ओट्यावरून. कधीपासून हे विचारून लिहा. आणि शेवटी दुसऱ्या दिवशी बघितलं का, फक्त हो किंवा नाही, हा रकाना बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण तिथे सलग तीन "नाही" आले की समजा, तो माणूस मनातून गेला, आणि जाताना तो फारसं काही बोललेला नसतो. मग महिन्याच्या शेवटी पहिला प्रोमो परत बघा, अगदी पहिला, आणि त्यात काय कबूल केलं होतं ते एका ओळीत लिहून वहीच्या वरती चिकटवा. निम्म्या तक्रारी त्या एका ओळीला जाऊन अडकतात.

एक राहिलंच, विचारायचं ते ब्रेकमध्येच. मी एकदा चालू एपिसोडमध्ये वही घेऊन "आई, हे असं कधीपासून वाटतंय तुला" विचारलं, तर ती म्हणाली, "तू मधे बोलायला लागलास तेव्हापासून."